कॉर्टिसोलचा रिपोर्ट, उंदरांचे मेंदू आणि आमची नवी पेठ

अभ्यासिकावाली | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि लांबलाय, त्यामुळे चहा घेऊनच बसा.

आमची पुण्यात नवी पेठेत छोटी अभ्यासिका आहे हे जुन्या लोकांना माहितीये. ५२ खुर्च्या, खाली झेरॉक्सवाला, वर आम्ही राहतो. राज्यसेवा, कम्बाइन, सरळसेवा, सगळी पोरं-पोरी. तर गेल्या महिन्यात माझा भाचा (लातूरहून आलाय, तिसरा अटेम्प्ट) मोबाईल नाचवत वर आला, "मावशी, माझं कॉर्टिसोल वाढलंय. २२ आलंय, लिमिट १९.४ आहे. मला स्ट्रेस झालाय." म्हटलं अरे तुला स्ट्रेस झालाय हे कळायला पैसे कशाला घालवलेस, तुझं उरलेलं ताट बघून मी फुकट सांगितलं असतं! पण त्याने रील बघून फुल बॉडी पॅकेज केलेलं, आणि आता अर्ध्या अभ्यासिकेत तोच विषय. कुणी संत्र्याच्या रसात मीठ घालून पितंय, त्याला म्हणे कॉर्टिसोल कॉकटेल म्हणतात.

मी झूलॉजीची एमएस्सी, लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते, त्यामुळे ॲड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडावरच्या, कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन सोडणाऱ्या) वगैरे नावं ओळखीची, पण पुढचं सगळं गंजलेलं. म्हणून बसले वाचत. आणि एका माणसात अडकले. ब्रूस मॅकइवन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत आयुष्य काढलं, जानेवारी २०२० मध्ये गेले.

त्यांच्या आधीची गोष्ट हान्स सेल्येची, ती आम्हाला होती शिकायला. १९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये हा उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होता, नवीन हार्मोन सापडेल म्हणून. उंदरांच्या ॲड्रिनल सुजल्या, थायमस (प्रतिकारशक्तीची ग्रंथी) आक्रसली, पोटात अल्सर. हा खूश. मग गंमत म्हणून फॉर्मॅलिन टोचलं तर तेच झालं! म्हणजे नवीन हार्मोन वगैरे काही नाही, शरीर कुठल्याही त्रासाला एकसारखंच उत्तर देतंय. दुसरा कुणी असता तर प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती, याने त्यातूनच स्ट्रेस ही कल्पना उभी केली.

पण तिथपर्यंत हा सगळा शरीराचा मामला होता. मेंदू हुकूम सोडतो, ॲड्रिनल हार्मोन सोडते, विषय संपला. मॅकइवननी उलटा प्रश्न विचारला, की ते हार्मोन परत मेंदूत जातं का आणि जात असेल तर नेमकं कुठे बसतं? उंदरांच्या ॲड्रिनल काढल्या, म्हणजे त्यांचं स्वतःचं हार्मोन शिल्लक नाही, आणि किरणोत्सारी खूण लावलेलं कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांचं कॉर्टिसोल समजा) टोचलं. अपेक्षा होती हायपोथॅलॅमसची, कारण हार्मोनचं हेडऑफिस तेच. आणि खूण जाऊन बसली हिप्पोकॅम्पसमध्ये. म्हणजे स्मरणशक्तीच्या जागी! हे १९६८ साली छापलं गेलं. मी ते वाचून खरंच उठून गॅलरीत गेले. माझ्याकडे ५२ पोरं बसतात जी सांगतात की "काकू, रात्री वाचलेलं सकाळी आठवत नाही."

पुढे त्यांच्याच लॅबमध्ये दिसलं की उंदरांना रोज काही तास जखडून ठेवलं, तीन आठवडे, तर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड होतात. पेशी मरत नाहीत हां, छाटल्यासारख्या होतात. आणि मोकळं सोडलं की परत वाढतात. शिवाय त्यांचं सतत सांगणं होतं की हे हार्मोन व्हिलन नाही, त्याच्याशिवाय सकाळी अंथरुणातून उठणंही जड जाईल. त्रास होतो तो यंत्रणा चालू झाल्यावर बंदच न झाल्याने. त्या झिजेला त्यांनी आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ साली नाव दिलं ॲलोस्टॅटिक लोड. मराठीत काय म्हणायचं सुचवा, मला 'झीजभार' सुचलं पण ते पीडब्ल्यूडीच्या टेंडरसारखं वाटतंय.

आता माझा खरा प्रश्न. आमच्याकडचा एक मुलगा पाच वर्षं बसला, मागच्या वर्षी सिलेक्ट झाला, पोस्टिंग मिळालं, लग्न ठरलंय. आता फोन करतो आणि म्हणतो, "काकू, अजून पहाटे चारला छातीत धडधड होऊन जाग येते, जिन्यावर पाय वाजले तरी दचकतो." परीक्षा संपली ना बाबा! फांद्या परत वाढतात ना! मग हे काय आहे? कुणी वाचलंय का यावर?

---

मिसळप्रेमी | रविवार, रात्री ११:५८

पहिला नंबर! वाचून प्रतिसाद देतो. संत्र्याच्या रसात मीठ म्हणजे आमच्या लहानपणी जुलाब झाल्यावर देत ते ना?

---

टेस्टट्यूब | सोमवार, सकाळी ७:१०

ताई, मी हडपसरला लॅबमध्ये आहे, १४ वर्षं रक्तच काढतोय. तीन प्रश्न विचारतो. भाच्याने सँपल किती वाजता दिलं? त्या दिवशी उठला किती वाजता? आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतो का?

---

अभ्यासिकावाली | सोमवार, सकाळी ९:२५

विचारलं. सँपल ११ ला. रात्री तीनपर्यंत वाचत होता, साडेदहाला उठला आणि पॅकेजची वेळ जाईल म्हणून गाडी पळवत गेला. आणि हो, बायोटिन घेतो!! तुम्हाला कसं कळलं?? रूममेटने दिल्यात, केस जातायत म्हणून.

---

टेस्टट्यूब | सोमवार, दुपारी १:४०

कळलं म्हणजे काय, पंचविशीतली निम्मी पोरं घेतात. ऐका आता. कॉर्टिसोल दिवसभर एकसारखं नसतं. माणूस उठला की पुढच्या अर्ध्यापाऊण तासात ते उसळी मारतं, मग उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. रिपोर्टवरचं ते १९.४ हे सकाळी साधारण १० पर्यंतच्या सँपलसाठी असतं, आणि तेही रात्री झोपून सकाळी उठणाऱ्या माणसासाठी. तुमचा भाचा उसळीच्या ऐन टोकावर सुई टोचून घेऊन आला. वर गाडी पळवली, सुईची भीती वेगळी. २२ येणार नाही तर काय होईल?

बायोटिनचं असं की काही मशीनची टेस्टच बायोटिनवर चालते, बाहेरून जास्त घेतलं की आकडा खोटा वर जातो. थायरॉइडच्या टेस्टमध्येही गोंधळ करतं. म्हणून सँपलच्या आधी दोनतीन दिवस बंद ठेवायला सांगतो आम्ही, ऐकतं कोण. आणि बायकांनी लक्षात ठेवा, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर रक्तात कॉर्टिसोल वाहून नेणारं प्रोटीन वाढतं, त्यामुळे एकूण आकडा फुगलेला दिसतो आणि स्ट्रेसचा काही संबंध नसतो.

ही टेस्ट आहे कुशिंग (कॉर्टिसोल फार जास्त), ॲडिसन (फार कमी) असल्या आजारांसाठी, डॉक्टरांनी शंका घेऊन लिहून दिली तर. पॅकेजमध्ये का घालतात ते माझ्या पगाराशी निगडित असल्याने इथे लिहीत नाही.

---

कोथरूडकर_काका | सोमवार, दुपारी ३:०५

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण, एक कंदील, आणि बोर्डात आलो. हल्ली प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव. आणि उंदराला बांधून ठेवलं तर त्याला त्रास होणारच, त्यासाठी न्यूयॉर्कला जायची काय गरज. उंदीर एमपीएससी देत नाही.

---

रातराणी७ | सोमवार, दुपारी ३:३०

काका, तुमच्या वेळी जागा किती, अर्ज किती आणि जाहिरात निघाल्यावर परीक्षा व्हायला किती वर्षं लागायची, तेही सांगा की. त्या सहातले बाकीचे पाच कुठे आहेत तेही.

---

उंदीरमामा | सोमवार, रात्री १०:१५

आयडी बघून कळलंच असेल, मी याच धंद्यात होतो. पीएचडीला उंदीर, पोस्टडॉकला उंदीर, आता बाणेरला डेटा सायन्स. धाग्याने जुन्या जखमा उघडल्या.

ताई, तुमच्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर (निदान उंदरांपुरतं) आपल्याच देशात निघालंय. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांची लॅब होती. २००२ मध्ये अजय व्यास आणि त्यांनी दाखवलं की रोज दोन तास असं दहा दिवस उंदराला जखडलं तर हिप्पोकॅम्पसच्या फांद्या आखडतात, ते मॅकइवनवालंच. पण अमिग्डाला, म्हणजे भीतीचा जो भाग, तिथल्या पेशींच्या फांद्या उलट *वाढतात*. एकच ताण, एकच प्राणी, एक भाग सुकतोय आणि दुसरा फोफावतोय. तोपर्यंत सगळे ताण म्हणजे ऱ्हास असंच धरून चाललेले.

आणि २००४ चा पेपर तुमच्यासाठी. ताण थांबवून उंदरांना २१ दिवस आराम दिला. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डाला नाही झाला. वाढलेल्या फांद्या तशाच, आणि उंदीर अजूनही बिचकतोय. म्हणजे विसरभोळेपणा जातो पण दचकणं मागे राहतं. मी पहिल्यांदा तो आलेख पाहिला तेव्हा मला आमच्या आजीची आठवण झाली, पानशेतच्या पुरानंतर ती आयुष्यभर पावसाचा आवाज वाढला की उठून दार बघायची. १९६१ चा पूर, आणि मी बघतोय ते नव्वद सालात.

२१ दिवसांनंतर महिना, सहा महिने गेल्यावर काय होतं हा वेगळा प्रश्न, त्यामुळे "कधीच जात नाही" असा अर्थ कृपया काढू नये. त्या मुलाला तर अजिबात सांगू नका तसं.

---

कोथरूडकर_काका | सोमवार, रात्री १०:४०

परत उंदीर.

---

उंदीरमामा | सोमवार, रात्री ११:२०

काका, माणूस घ्या. आणि एमपीएससीच्या जवळचा घ्या. २००९ मध्ये कॉनर लिस्टन, मॅकइवन आणि बी. जे. केसी यांनी मेडिकलचे २० विद्यार्थी घेतले जे मोठ्या परीक्षेसाठी महिनाभर रगडत होते, आणि तितकेच बिनपरीक्षेचे. एमआरआयमध्ये झोपवून लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर वळवायचं काम दिलं. परीक्षावाल्यांना ते जड गेलं आणि कपाळामागच्या भागांची आपापसातली जोडणीही ढिली दिसली. परीक्षा संपल्यावर महिनाभर आरामानंतर परत बघितलं तर फरक गेलेला. लहान अभ्यास आहे, चाळीसच माणसं, पण उंदीर नाहीत.

अजून एक. कुशिंगच्या पेशंटमध्ये आजारामुळेच कॉर्टिसोल प्रचंड असतं. १९९२ मध्ये मिशिगनच्या मोनिका स्टार्कमन यांनी दाखवलं की ज्यांचं कॉर्टिसोल जास्त त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान. नंतर उपचाराने कॉर्टिसोल खाली आलं तेव्हा तो थोडा परत भरलाही.

---

स्वारगेट_एक्स्प्रेस | मंगळवार, सकाळी ८:५०

जबरदस्त धागा, बसमध्ये उभं राहून वाचतोय, विद्यापीठ चौकात २५ मिनिटं झाली, माझ्या अमिग्डालाला आता पारंब्या फुटल्या असतील.

सेल्येबद्दल एक पुणेरी कुजकट भर घालतो. याच गृहस्थाने नंतर सिगारेट कंपन्यांकडून पैसे घेतले आणि सिगारेट ओढल्याने ताण हलका होतो अशा बाजूने बोलला. मोठा शास्त्रज्ञ होता यात शंका नाही, पण फोटोला हार घालताना हेही माहीत असावं.

---

निसर्गोपचार_आनंदी | मंगळवार, सकाळी ११:००

एवढं सगळं करण्यापेक्षा अश्वगंधा घ्या रात्री दुधातून. कॉर्टिसोल कमी होतं हे सिद्ध झालंय. साइड इफेक्ट शून्य.

---

डॉ_हळूहळू | मंगळवार, दुपारी २:३०

शून्य नाही. अश्वगंधावर छोट्या छोट्या चाचण्या झाल्यात, काहींत कॉर्टिसोल थोडं उतरलेलं दिसतं, हे खरं. पण लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, थायरॉइडची गोळी चालू असेल तर अडचण होऊ शकते आणि गरोदरपणात तर नकोच. वैद्यांना विचारून घेणं वेगळं आणि रील बघून डबा मागवणं वेगळं.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे मूळ मुद्द्यावर येतो. रक्तातून डिप्रेशन पकडायचं स्वप्न आमच्या लोकांनीही पाहिलेलं आहे. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरोल यांनी डेक्सामेथासोन टेस्ट पुढे आणली. रात्री डेक्सामेथासोनची (कॉर्टिसोलसारखं काम करणारं कृत्रिम औषध) गोळी द्यायची, निरोगी माणसाचं कॉर्टिसोल दुसऱ्या दिवशी दबलेलं राहतं, गंभीर डिप्रेशनच्या बऱ्याच पेशंटचं राहत नाही. लोक नाचले. मग लक्षात आलं की वजन उतरलेल्यांत, दारू सोडताना, डिमेन्शियात, कशातही ती तशीच येते, आणि डिप्रेशनच्या पुष्कळ लोकांत नॉर्मल येते. निदानासाठी ती बाजूला पडली. म्हणून आजही मी पेशंटसमोर खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, झोप कशी आहे, जेवण कसं आहे, कशात मन लागतं, जगणं नकोसं होतं का. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ मात्र अनेकदा बघून घेतो, कारण त्यांची गडबड उदासीसारखीच दिसते आणि इलाज सोपा असतो. कॉर्टिसोल मी वर्षानुवर्षं स्ट्रेससाठी सांगितलेलं नाही.

ताई, पहाटे चारला धडधड होऊन जाग येणाऱ्या त्या मुलाला मात्र कुणाला तरी दाखवा. महिनोन्महिने चालू असेल तर ते सहन करत बसायचं प्रकरण नाही. लगेच जमत नसेल तर टेली मानस आहे, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

रातराणी७ | मंगळवार, रात्री १२:४५

लिहू की नको करत होते. लिहिते.

माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. बाळंतपण नीट झालं, सगळे पेढे वाटतायत आणि मी माहेरी कर्वेनगरला बाळाकडे पाठ करून भिंतीकडे बघत झोपलेली. सव्वा महिना होईपर्यंत आई म्हणत होती ओलं अंग आहे, होतं असं. ज्या डॉक्टरबाईंकडे नाव घातलं होतं त्या म्हणाल्या, "इतकं गोड बाळ आहे, रडायला काय झालं?" मला तेव्हा खरंच वाटलं की मीच नालायक आई आहे. चौथ्या महिन्यात वहिनीने हात धरून दुसरीकडे नेलं, औषध सुरू झालं, तेव्हा कुठे मला बाळाचा वास यायला लागला. म्हणजे आधी वास येतच नव्हता असं नाही, पण कळत नव्हता.

डॉक्टर, माझा प्रश्न असा की हार्मोन तर सगळ्याच बायकांचे पडतात. मग मलाच का?

---

डॉ_हळूहळू | बुधवार, सकाळी ७:२०

नालायक आई वगैरे काही नव्हतात तुम्ही. वहिनीला माझा नमस्कार.

तुमचा प्रश्न अगदी मर्मावरचा आहे आणि त्यावर एक सुंदर प्रयोग आहे. अमेरिकेत २००० साली १६ बायका घेतल्या. आठ जणींना आधी बाळंतपणानंतरचं डिप्रेशन होऊन गेलेलं, आठ जणींना नाही. सगळ्यांना औषधाने गरोदरपणासारखे हार्मोन चढवले आणि मग एकदम काढून घेतले, म्हणजे बाळ नसलेलं बाळंतपण. पूर्वी त्रास झालेल्या आठपैकी पाच जणींचं मन पुन्हा खचलं. दुसऱ्या आठांत एकीचंही नाही. हार्मोनची घसरण सगळ्यांत सारखी घडवलेली, पण ती घसरण कुठल्या मेंदूला झेपते आणि कुठल्याला नाही हे वेगळं.

याच धाग्यातलं पुढचं म्हणजे, प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणात वाढणाऱ्या हार्मोनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो, मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतो, बाळंतपणानंतर तो धाडकन पडतो. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याचंच औषध मंजूर झालं, साठ तासांची सलाईन. २०२३ मध्ये त्याच जातकुळीची गोळी आली, १४ दिवसांचा कोर्स. पण नेहमीची औषधं आणि समुपदेशन यांनीही बऱ्याच जणी बऱ्या होतात, तुम्ही झालातच.

---

मिसळप्रेमी | बुधवार, सकाळी १०:०५

रातराणी, _/\_

विषय थोडा हलका करतो. न्यूयॉर्क झालं, मॉन्ट्रियल झालं, बेंगळुरू झालं. या सगळ्यात पुण्याचं कुणीच नाही? हे कसं चालेल?

---

उंदीरमामा | बुधवार, दुपारी १२:३०

आधी मुंबईचं सांगतो, म्हणजे तुमचा ताण वाढेल. टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) विदिता वैद्य. उंदरांची पिल्लं जन्मल्यावर पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवली तर मोठेपणी त्यांचा मेंदू ताणाला कसा वागतो, यावर आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर त्यांचं काम आहे. २०१५ चं भटनागर, २०२२ चं इन्फोसिस पारितोषिक. लहानपणीचा तो काळ फार हळवा असतो, चिखल ओला असताना उमटलेल्या पावलासारखा.

पुण्याचं म्हणाल तर केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. विषय थेट स्ट्रेसचा नाही, मधुमेहाचा आहे, पण धागा तोच. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवलाय. आपली बाळं वजनाला कमी पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, हे त्यांनी दाखवलं. पोटात असतानाच शरीर पुढच्या आयुष्याचा हिशोब मांडून बसतं. झालं समाधान?

---

कोथरूडकर_काका | बुधवार, संध्याकाळी ६:१५

झालं. केईएम म्हणजे रास्ता पेठ, आमच्या सासुरवाडीच्या मागे.

रातराणीताईंच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. त्या सहापैकी दोघे अधिकारी झाले, एक मी, एक गावी परत गेला, एक मुंबईला. आणि एकाने दुसऱ्या अटेम्प्टनंतर खोलीतच... आम्ही चाळीस वर्षं त्याला तापाने गेला असंच सांगत आलो. त्याच्या आईलाही तेच सांगितलं होतं. तेव्हा असलं काही नव्हतं असं मी लिहिलं ते चूक लिहिलं. आम्ही त्याला नाव देत नव्हतो.

---

रातराणी७ | बुधवार, संध्याकाळी ६:४०

काका. माझं टोचून लिहिणं मागे घेते.

---

अभ्यासिकावाली | शुक्रवार, रात्री १०:५०

दोन दिवस यायला जमलं नाही, जाहिरात आली त्यामुळे ॲडमिशनची गर्दी. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, काकांचा तीनदा.

इकडची खबर. भाच्याला टेस्टट्यूबचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो म्हणाला, "म्हणजे मला स्ट्रेस नाहीच?" म्हटलं आहे ना, पण तो रिपोर्टमध्ये नाही, तुझ्या झोपेत आहे. मीठवालं सरबत बंद झालं, बायोटिन चालू आहे कारण केस खरंच जातायत. अभ्यासिका आता रात्री बाराला बंद करते, यावर सात जण भांडले आणि दोन सोडून गेले. टेस्ट सिरीजचे मार्क लावायचा बोर्ड काढला. त्याने काय होतं माहीत नाही, पण पोरं दारातून आत येताना आधी बोर्डाकडे बघायची आणि खांदे पाडायची, ते माझ्याच्याने बघवत नव्हतं. जिन्यात १४४१६ चा कागद लावलाय, खालच्या झेरॉक्सवाल्याने फुकट मोठा करून दिला.

आणि त्या सिलेक्ट झालेल्या मुलाला उंदीरमामांचा प्रतिसाद पाठवला, कधीच जात नाही असं नाही हे दोनदा बजावून. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज, "म्हणजे काकू, मी वेडा नाहीये, उंदीर आहे." खाली हसायच्या चार बाहुल्या. मग रात्री फोन आला, बराच वेळ बोलला. पुढच्या गुरुवारी पुण्यात येतोय, डॉक्टरांची वेळ घेतलीये, बरोबर मी जातेय.

काका, तुमचा नातू यंदा बसतोय म्हणाला होतात मागे. पाठवा त्याला. २७ नंबरची खुर्ची रिकामी झालीये, पंख्याखालची आहे.